एकाच पेल्यातून



प्रभुभोजनाला कोणी यावं आणि कोणी थांबावं, हा विषय निघाला की मंडळीत बहुधा दारू, अनैतिक संबंध, बाप्तिस्मा यांवर बोलणं होतं. हे प्रश्न खरेच आहेत. पण पौलाने करिंथच्या मंडळीला स्वतःची परीक्षा करायला सांगितलं, ते कशावरून? पहिल्या पत्राचा ११वा अध्याय उघडा. पैसेवाले आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. अयोग्य रीतीने भाकर खाणं म्हणजे काय, हे तिथे या संदर्भात आलं आहे: भावाला खाली मान घालायला लावून प्रभूच्या मेजावर बसणं.

आता आपल्याच देशातलं उदाहरण पाहा. सरफोजीराजांच्या तंजावरात आणि आसपासच्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती उपासनेला वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. दलित ख्रिस्ती मागून. सुरुवातीच्या मिशनऱ्यांनी हे चालू दिलं; हळूहळू जाईल, असं त्यांना वाटलं. पुढे १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं: मंडळीत जातिभेद ताबडतोब बंद झाला पाहिजे, सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं पाहिजे.

पुष्कळांनी मंडळी सोडली. काही जण पुढे लुथरन मंडळीत गेले. जात काही संपली नाही; तामिळनाडूत जातीप्रमाणे विभागलेल्या ख्रिस्ती दफनभूमी आजही आढळतात.

मग त्या शिस्तीचा काय उपयोग झाला? माझ्या मते, एक गोष्ट स्पष्ट झाली. मेजावरून दलितांना कोणी उघड हाकललं नव्हतं; त्यांना फक्त थांबायला लावलं होतं. विल्सननी प्रश्न उलटा केला: शेजाऱ्यासोबत खायला जो तयार नाही, तो या मेजावर कसा?

शिस्त दुबळ्यावरच चालत असेल, तर ती शिस्त नव्हे. पळून गेलेल्या मुलीला थांबवायचं आणि हुंडा घेणाऱ्या पंचाला पहिली भाकर द्यायची, हे चालणार नाही. आणि ज्याला थांबवलं, त्याच्यासाठी परतीचं दार उघडंच हवं. दुसऱ्या पत्रात पौल दोषी माणसाला क्षमा करून धीर द्यायला सांगतो.

येत्या प्रभुभोजनाआधी आपली पापं आठवाच. सोबत हेही विचारा: माझ्यामुळे रांगेत मागे कोण उभं आहे?