ड्रिल सार्जंट अंगावर ओरडतो तेव्हा



जून आला की आपल्या ओळखीतली मुलं डॉर्मसाठी चादरी आणि छोटे फ्रिज घ्यायला निघतात. यंदा आपल्यातलाच एक मुलगा मात्र काहीच खरेदी करत नाहीये. तो आर्मीत चाललाय. पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत त्याच्या आईने मला गाठलं. म्हणाली, "अहो, तुम्ही जाऊन आलात ना? ते लोक फार ओरडतात म्हणे. आम्ही घरी कधी त्याच्याशी आवाज चढवून बोललो नाही हो. कसं व्हायचं त्याचं?"

मी "होईल सगळं नीट" म्हणालो आणि पुढे श्रीखंड वाढून घेतलं. घरी येताना गाडीत वाटलं, हे काही उत्तर नव्हे. आजचं बोलणं म्हणजे त्या वहिनींना द्यायचं राहिलेलं उत्तर. त्यांच्या मुलाने ऐकलं तर फारच बरं.

आधी माझं थोडक्यात सांगतो. 2009 मध्ये आर्मीने 'मावनी' नावाची योजना सुरू केली होती. ग्रीन कार्ड नाही, पण कायदेशीरपणे इथे राहतोय आणि सैन्याला हवी असलेली भाषा येते, अशांना भरती होता यायचं. हिंदी त्या यादीत होती. 2016 पासून ती भरती थांबली. मी तेव्हा एच-वन-बीवर होतो. मंदीत प्रोजेक्ट गेला होता आणि वय होतं 31. 2010 मध्ये मी सही केली. पुढे चार वर्षं नोकरी केली, नागरिकत्व मिळालं, एमबीएसुद्धा जीआय बिलावर झालं. पण सगळ्याच्या आधी बेसिक ट्रेनिंगचे ते दहा आठवडे होते आणि त्यात ड्रिल सार्जंट होते.

ड्रिल सार्जंट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. गोल कडेची ती टोपी घातलेला माणूस जन्मतः रागीट नसतो. तो स्वतः काही वर्षं सैन्यात काढलेला सार्जंट असतो. फोर्ट जॅक्सनला त्यांची वेगळी शाळा आहे, तिथे शिकून तो या कामावर येतो, आणि साधारण दोनेक वर्षांनी पुन्हा आपल्या मूळ कामाला जातो. तुमच्या आधी तो उठलेला असतो आणि तुम्ही झोपल्यावरही त्याचे कागद संपलेले नसतात. ओरडणं हे त्याचं हत्यार आहे. गोंधळ चाललेला असताना, कानाशी आवाज असताना, तुम्ही सांगितलेलं एक साधं काम नीट करता का, हे त्याला बघायचं असतं. पुढे कुठेतरी खरा गोंधळ होईल तेव्हा बघायला वेळ नसतो.

आता आपल्या मुलांची अडचण. आपल्याकडे मोठं माणूस रागावलं की मान खाली घालायची, नाहीतर कारण सांगायचं, अशी सवय असते. तिथे दोन्ही चालत नाही. मान खाली गेली की आवाज वाढतो. त्याच्या डोळ्यांत बघितलं तरी वाढतो. नजर समोर, त्याच्या पलीकडे ठेवायची. आणि 'सर' म्हणायचं नाही! 'सर' फक्त अधिकाऱ्यांना. भारतात शाळा-कॉलेज, ऑफिस सगळीकडे सर-सर करत मोठा झालेला मी, पहिल्या दोन दिवसांत या एका शब्दापायी जितके जोर काढले तितके उभ्या आयुष्यात काढले नव्हते. "यस, ड्रिल सार्जंट", "नो, ड्रिल सार्जंट", एवढीच भाषा. चूक का झाली असं विचारलं तर ते खरं कारण विचारत नसतात. आपली चूक आहे, एवढं मान्य करायचं आणि ती दुरुस्त करायला लागायचं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी तिसऱ्या आठवड्यात मी मोडलो.

सकाळी घाईत मी माझ्या कपाटाला कुलूप अडकवलं, पण दाबलं नाही. परत आलो तर कपाटातलं सगळं सामान जमिनीवर होतं. गणवेश, मोजे, आईला लिहायला घेतलेलं अर्धं पत्र. अख्खी प्लॅटून, म्हणजे पन्नासहून जास्त पोरं, जोर काढायच्या पवित्र्यात. आणि मी? मला मधोमध उभं केलं होतं. मी जोर काढायचे नव्हते, मोठ्याने आकडे मोजायचे होते. माझ्या एका कुलपासाठी अठरा वर्षांची पोरं घामाने निथळत होती आणि मी मोजत होतो. ड्रिल सार्जंट कानाशी येऊन विचारत होता, इंजिनिअर आहेस ना, कुलूप कसं चालतं ते शिकवलं नाही का तुला?

त्या रात्री दोन ते तीन माझी पहाऱ्याची पाळी होती. मी मनात हिशेब मांडत बसलो होतो. नोकरी सोडून आलेलो, व्हिसा गेलेला. इथून बाहेर पडलो तर सरळ मुंबईचं विमान. तरीही वाटत होतं, सकाळी जाऊन सांगावं की हे मला जमणार नाही. पाळीला जोडीला माझा बॅटल बडी होता. अलाबामाचा, एकोणीस वर्षांचा, त्याचे वडील सैन्यात होते. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तो तुझ्यावर ओरडत नव्हता रे, कुलपावर ओरडत होता. उद्या कुणाच्या तरी बुटावर ओरडेल." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बुटावरच झालं. कालचं कुणाला आठवतही नव्हतं. ड्रिल सार्जंटला तर मुळीच नाही.

तेव्हा जाणाऱ्या मुलामुलींनो, पहिली गोष्ट ही: कशावर ओरडतोय ते ऐका, कसा ओरडतोय ते सोडून द्या. त्या सगळ्या आवाजात एक सूचना असते. कुलूप दाब. बंदुकीची नळी खाली कर. पाणी पी. तेवढी उचला. दुसरी, पुढचे दहा आठवडे मोजू नका, पुढच्या जेवणापर्यंतचं बघा. तिसरी, हसू नका. समोर दुसऱ्यावर तोंडसुख चाललेलं असताना हसू फार येतं, आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. चौथी, आपलं झालं की शेजाऱ्याचं बघा. बिछाना घालायला, पट्टा लावायला मदत करणारा माणूस ड्रिल सार्जंटच्या नजरेत बरोबर भरतो, जरी तो तसं बोलला नाही तरी. आणि जाण्याआधी पळायची सवय करा. पळताना दम टिकला तर निम्मं ओरडणं वाचतं.

आता वहिनी, तुमच्यासाठी महत्त्वाचं. 'ओरडणं सहन कर' याचा अर्थ 'काहीही सहन कर' असा नाही. ड्रिल सार्जंटलाही नियम आहेत. मारायचं नाही. हात लावायचा तर सुरक्षेसाठी किंवा पवित्रा दुरुस्त करण्यापुरता. शिक्षा म्हणून जेवण तोडायचं नाही. पैसे मागायचे नाहीत. धर्म, वर्ण, देश यांवरून हिणवायचं नाही. हे विसरलं की काय होतं, तेही आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावं. 2016 च्या मार्चमध्ये मरीन कोरच्या पॅरिस आयलंड तळावर राहील सिद्दिकी हा मिशिगनचा, पाकिस्तानी वंशाचा वीस वर्षांचा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडून गेला. त्याला तिथे येऊन काही दिवसच झाले होते. पुढच्या वर्षी एका ड्रिल इन्स्ट्रक्टरला, सिद्दिकीसह अनेक प्रशिक्षणार्थींचा छळ केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

हे घाबरवायला सांगत नाही. फरक ओळखता यावा म्हणून सांगतो. "तुझं कुलूप उघडं का?" हे प्रशिक्षण. "तुझ्या देवाचं नाव काय, अतिरेकी आहेस का?" हा गुन्हा. तसं काही झालं तर बॅटल बडीला घेऊन चॅप्लेनकडे जा. तिथे बोललेलं तो दुसऱ्याला सांगत नाही. चॅप्लेन हिंदू असायची गरज नाही, माझ्या वेळचा बॅप्टिस्ट होता, तास-तास ऐकून घ्यायचा. शिवाय कंपनी कमांडर आणि इन्स्पेक्टर जनरलचं ऑफिस यांच्याकडे तक्रार करायचा हक्क पहिल्या दिवसापासून असतो. जीव नकोसा वाटायला लागला, तर त्याच मिनिटाला सांगायचं. त्यात कसलीही नामुष्की नाही.

आईवडिलांनी काय करायचं? पहिला फोन येईल तो अगदी छोटा असेल. पोचलो, बरा आहे, एवढंच बोलून बंद होईल. मुलगा तुटक बोलला म्हणून रात्रभर जागू नका, मागे रांग उभी असते. पत्रं लिहा, हाताने, आठवड्याला दोन-तीन. घरचं साधंसुधं लिहा. कुत्रा काय करतो, शेजारी कोण आलं. "तू कसा राहशील रे" असं लिहू नका. आणि कृपा करून खायला पाठवू नका! माझ्या आत्याने न्यू जर्सीहून चिवडा पाठवला होता. तो सगळ्यांसमोर उघडायला लागला आणि माझ्याच हाताने कचऱ्याच्या डब्यात गेला. वर जोर काढले ते वेगळेच. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. आज ऐकत असेल तर कळेल.

शेवटच्या आठवड्यात मी नागरिकत्वाची शपथ घेतली. कवायतीनंतर तोच ड्रिल सार्जंट हात मिळवायला आला. दहा आठवड्यांत पहिल्यांदा साध्या आवाजात बोलला. म्हणाला, "कपाट लावलंस?" मी म्हणालो, "यस, ड्रिल सार्जंट." आणि खरं सांगू, लगेच वर जाऊन बघून आलो.

वहिनी, मुलाला माझा नंबर द्या. जायच्या आधी एकदा घरी येऊ दे, बरोबर पळायला जाऊ. आणि चिवडा त्याला इथेच खाऊन जाऊ दे.