सातबाऱ्यात नसलेले शेतकरी
(दिल्लीतील मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात आम्ही काही विद्यार्थी टिकरी सीमेवर गेलो होतो. लंगरमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, “तुमची जमीन किती?” मी अडखळले. माझे आई-अण्णा मराठवाड्यात तीन एकर गायरान कसतात. पण सातबाऱ्यावर ‘सरकार’ आहे. आमचं नाव आहे ते अतिक्रमणाच्या नोंदीत, १-ई च्या उताऱ्यावर. दंडाच्या पावत्या आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात.

एम.ए.ला आपण श्रीनिवास शिकतो. ‘रामपुरातील प्रभुत्वशाली जात’ हा त्यांचा निबंध १९५९ चा. जमीन, संख्या आणि राजकीय वजन ज्या जातीकडे, गाव तिच्या शब्दावर चालतं, हे त्यांनी नेमकं पकडलं. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. निबंध मला अभ्यासक्रमात भेटला. सत्याग्रह आजीने सांगितला.

‘शेती बदलतेय’ असं वाचताना मी विचारते, कुणाची? तणनाशक आलं, मालकाचा खर्च वाचला आणि आईची खुरपणीची मजुरी गेली. गारपीट झाली की पिकाचा पंचनामा होतो, बुडालेल्या रोजाचा होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या दर दहा दलितांपैकी सातांहून अधिक शेतमजूर आहेत. बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये शेती राज्याच्या मालकीची करून, जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्या, असं मांडलं होतं.

२०२२ च्या अखेरीस गायरानं मोकळी करण्याच्या नोटिसा निघाल्या. आमच्याही दारात एक आली. अण्णा फोनवर म्हणाले, “तू एवढी शिकलीस, यात काय लिवलंय ते वाच की.” त्या रात्री मी पहिल्यांदा शासन निर्णय वाचायला बसले. नोव्हेंबर १९९१ चा निर्णय १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायला सांगतो. आजोबा त्याच्या कितीतरी आधीपासून कसत होते, पण आमची पहिली पावती १९९३ ची. सार्वजनिक जमिनी मोकळ्या करायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकालही वाचला. भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यातच आहे. अण्णांकडे पट्टा नाही. आमचा दावा अजून लटकलेला आहे.

म्हणून एवढंच सांगते. सुट्टीत घरी जाल तेव्हा पेटी उघडा. पावत्यांचे फोटो काढा, १-ई चा उतारा मागा, नोटीस आली असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्या. म्हाताऱ्यांना विचारा, कोणत्या साली पहिला नांगर घातला, बांधाला कोण होतं, आणि ते तारखेसह लिहून काढा. आपल्या घरातला पहिला पदवीधर आपल्या शेताचा पहिला लेखनिकही असू शकतो. माझ्या आजोबांना तो मिळाला नाही.

जयभीम.