बैलाच्या पोटातले भागीदार

(श्रीवर्धन येथील बैठकीत केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून घाट उतरून इथे आलात. इथल्या दावणीला भाताचा पेंढा दिसतो, तुमच्या दावणीला कडबा. दोन्ही वाळलेलं काडच. खरं सांगायचं तर हे काड गाईबैलालाही पचत नाही. त्यातला चिवट तंतू तोडणारा रस जनावराच्या अंगात तयारच होत नाही. ते काम करतात कोटीपोटातले जीवाणू. कोटीपोटातल्या एका मिलिलिटर पाण्यात ते हजार कोटींच्या घरात असतात. ते काड आंबवतात, त्यातून सुटणाऱ्या आम्लांवर जनावर चालतं, नांगर ओढतं, दूध देतं. पुढे हेच जीवाणू वाहत जाऊन स्वतःच पचतात, आणि जनावराच्या प्रथिनांचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येतो. वैरण आपण टाकतो ती आधी त्यांना.

आता हिशेब पाहा. वाळल्या कडब्यात प्रथिन फार थोडं. जीवाणूंना वाढायला नत्र लागतं, कपाशीला लागतं तसंच. वैरणीतलं प्रथिन शेकडा सातच्या खाली गेलं की ते उपाशी पडतात, काड पोटात साचून राहतं आणि पोट भरलेलं म्हणून जनावर खातही नाही. गंजी समोर असून चैत्रात बैलाच्या बरगड्या दिसतात त्या म्हणून.

नत्र आहे कुठे? तुमच्याच शेतातून ते सरकीसकट जिनिंगला जातं आणि पेंडीच्या भावाने परत येतं. (त्या भावावर बोलायला बसलो तर जीवाणू राहूनच जातील.) सरकीत गॉसिपॉल नावाचं विषही असतं. मोठ्या जनावराचं कोटीपोट ते बऱ्यापैकी बांधून टाकतं. लहान वासराचं कोटीपोट तयार झालेलं नसतं, म्हणून त्याला सरकी घालू नका.

पेंड परवडत नसेल तर युरियाची प्रक्रिया आहे. शंभर किलो काडाला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने झाकायचं, एकवीस दिवस उघडायचं नाही. खायला घालण्याआधी उग्र वास उडू द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला हे नको, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, जीव जातो.

जीवाणू बदलला की काय होतं ते सुबाभळीने दाखवलं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या बाएफने आपल्याकडे सुबाभूळ पसरवली. तिच्या पाल्यात मिमोसीन असतं. ऑस्ट्रेलियात तो भरपूर खाणाऱ्या गुरांचे केस गळत, वाढ खुंटे. हवाईतल्या बकऱ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा फरक पोटातल्या जीवाणूंचा निघाला. १९८०च्या दशकात ते जीवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांच्या पोटात सोडले, आणि तोच पाला अंगी लागू लागला. १९९२ साली त्यातल्या एका जीवाणूला जोन्स यांचंच नाव मिळालं.

हे ऐकून कोणी जीवाणूंची पुडी विकायला आला तर लगेच खिशात हात घालू नका. जोन्सची गोष्ट एका विशिष्ट विषाची होती. २०१६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १४६ दुभत्या गाईंचा चारा मोजून त्यातल्या ७८ निवडल्या, कमी खाऊन तेवढंच दूध देणाऱ्या आणि जास्त खाणाऱ्या. काटकसरी गाईंच्या पोटात जीवाणूंच्या जाती जास्त नव्हत्या, उलट कमीच होत्या. पुडीने जाती वाढवल्या म्हणजे दूध वाढेलच असं नाही. आहेत त्यांना नत्र, मीठ-खनिज आणि भरपूर पाणी द्या. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. एकदम धान्याची पाटी पुढे ठेवली तर पोटात आम्ल होऊन चांगला बैल रात्रीत आडवा होतो.