मराठीचा शेवटचा तास

शालान्त परीक्षेपूर्वीचा मराठीचा शेवटचा तास म्हणजे वर्षभराच्या सहवासाचा हिशेब. जूनमध्ये ज्यांना कविता म्हणजे केवळ संदर्भासह स्पष्टीकरणाचे गुण वाटत होते, तेच विद्यार्थी आता एखाद्या ओळीच्या अर्थासाठी हुज्जत घालतात. परीक्षेनंतर यातले काय उरणार, असा प्रश्न मग त्यांना पडतो. त्याचे उत्तर केशवसुतांच्या चरित्रात आहे. १८९३ साली ‘तुतारी’ लिहिणारा हा कवी शाळामास्तर होता. १९०५ साली हुबळीस प्लेगने त्याचे निधन झाले, तोवर त्याचा एकही संग्रह निघाला नव्हता. पुस्तकरूपाने त्याची कविता वाचकांपर्यंत पोहोचली, ती त्याच्या मागे. साहित्याच्या तासाचेही असेच असते. गुणपत्रिका लवकर हाती येते. कविता पुष्कळदा फार उशिरा उमगते.