मोटारगाडीतील विजेचा दोष घरच्या घरी कसा शोधावा?
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आजचा विषय पिकाचा नाही, याचे काहींना नवल वाटेल. पण आता वस्तीवरही चारचाकी आली आहे. जुनी का असेना, भाजीचे क्रेट बाजारात न्यायला आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायला तीच उपयोगी पडते. अशा वेळी किल्ली फिरवली आणि नुसता 'टक्' आवाज आला तर? बहुतेक जण म्हणतात, बॅटरी गेली. नवी आणतात आणि आठ दिवसांत तीही बसते. पान पिवळे दिसले की युरिया फेकण्यासारखाच हा प्रकार आहे. चुनखडीच्या जमिनीत पान लोहाच्या कमतरतेने पिवळे पडते, पाणथळीत मुळे गुदमरल्याने. तेथे युरिया काय करणार? आधी निदान, मग खर्च.

यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. काम करताना अंगठी, कडे काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. वायर सोडवताना आधी ऋण (काळी) बाजू सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

प्रथम हेडलाईट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि इंजिन फिरले नाही तर सेल्फ, त्याचा रिले किंवा त्याकडे जाणारी वायर तपासावी. दिवे लागलेच नाहीत तर टर्मिनल हाताने हलवून पाहावे. तेथे पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचली असेल तर टर्मिनल सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग टर्मिनल पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. नव्या बॅटरीचे पैसे पुष्कळदा येथेच वाचतात.

आता मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजावे. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली बॅटरीही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती खरोखरच थकली आहे, असे समजावे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. १२.५ च्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. काही नव्या गाड्यांत मात्र संगणक हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो.

फार थोडे लोक करतात, पण सर्वांत उपयोगी अशी एक तपासणी सांगतो. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावी व दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आले तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आले तर त्या वायरच्या टोकाशी गंज आहे. पाईपलाईनमध्ये गाळ साचला की मोटार चांगली असूनही शेवटच्या ड्रिपरला दाब मिळत नाही, तसेच हे. विहिरीला दोष देऊन उपयोग नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर वीज कोठेतरी झिरपत आहे. डिकीतला ५ वॅटचा दिवा विझला नाही तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपते. ऋण वायर सोडवून, मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडावा. दारे बंद करून अर्धा तास थांबावे, कारण नव्या गाड्यांतील यंत्रणा निजायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चिंता नाही. अधिक असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्याच मार्गात चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र कदापि मारू नये, मीटर जळेल.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. लाल १०, निळा १५, पिवळा २०. तारेचा तुकडा घालण्याची मोटारपंपावरची आपली सवय येथे गाडीला आग लावते. वारंवार जळत असेल तर त्या वायरचा माग काढावा. गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलेली सापडण्याची शक्यता मोठी. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि हायब्रिड गाडीतील नारिंगी केबल उच्च दाबाची. त्यांना हात लावू नये, ते काम कार्यशाळेचे.

आणि वेळ रात्रीचीच असेल तर शेजाऱ्याची १२ व्होल्टची गाडी आणावी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगलीच्या धन टोकाला. काळी चांगलीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. गाडी सुरू झाल्यावर उलट क्रमाने काढावे. दवाखाना येईपर्यंत इंजिन बंद करू नये. अर्ध्या तासाच्या प्रवासात पूर्ण उतरलेली बॅटरी भरत नाही, तेव्हा परतल्यावर ती चार्जरवर लावावी आणि मगच वरील तपासणीस बसावे.