रस्त्यावरचा शार्क



महापूर ओसरला म्हणजे मागें गाळ राहतो, तशा अफवाहि राहतात. पूर्वी त्या कर्णोपकर्णीं पसरत. आतां त्यांना छायाचित्राचा आधार मिळाला आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें म्हणावें, असा प्रश्न मग भल्याभल्यांना पडतो. अशाच एका चित्राची हकीकत आज सांगावयाची आहे.

ऑगस्ट २०११ मध्यें आयरीन नांवाचें चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर आदळलें. त्या सुमारास एक चित्र लोकांच्या मोबाइलवर आणि संगणकावर फिरूं लागलें. मोटारीच्या खिडकींतून दिसणारा जलमय रस्ता, आणि त्या पाण्यांत गाडीशेजारून पोहत जाणारा प्रचंड शार्क मासा! पुढें २०१७ सालीं हार्वे वादळाच्या पावसानें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहर बुडविलें, तेव्हां तोच मासा तेथें अवतरला. २०१८ सालीं फ्लॉरेन्स वादळाबरोबर तो उत्तर कॅरोलायनांत जाऊन पोहोंचला. वादळ बदललें, शहर बदललें. मासा मात्र तोच!

या माशाचें मूळ ठिकाण दक्षिण आफ्रिकेचा समुद्र. टॉमस पेशाक या छायाचित्रकारानें तेथें एका लहान होडीमागून जाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या शार्कचें छायाचित्र घेतलें होतें, व तें २००५ सालीं एका मासिकांत प्रसिद्ध झालें. कोणा खोडसाळ माणसानें त्यांतील मासा तेवढा कापून पुराच्या चित्रांत चिकटविला. मौज अशी कीं, मूळचें अस्सल छायाचित्रहि पुष्कळांना बनावट वाटलें होतें.

यांत बिघडलें काय, घटकाभर करमणूक झाली, असें कोणी म्हणेल. पण पुढची गोष्ट ऐकावी. सप्टेंबर २०२२ मध्यें इयान वादळानें फ्लॉरिडांतील फोर्ट मायर्स जलमय केलें. तेथें एका रहिवाशानें पुराच्या पाण्यांत तडफडणाऱ्या मोठ्या काळसर माशाचें चलच्चित्र टिपलें. अनेकांनीं तें हंसण्यावारी नेलें. रस्त्यावरचा शार्क त्यांच्या चांगलाच परिचयाचा झाला होता! वृत्तसंस्थेनें मूळ चित्रणाची वेळ व स्थळ पडताळून पाहिलें, तेव्हां तें अस्सल ठरलें. मासा शार्कच होता कीं दुसरा कोणता, याविषयीं तज्ज्ञांचें एकमत झालें नाहीं. पण चित्रण खोटें नव्हतें.

लांडगा आल्याची खोटी हाक पुनःपुन्हां ऐकली म्हणजे खऱ्या हाकेलाहि कोणी धांवत नाहीं. धरणांतून पाणी सोडल्याची खरी सूचनासुद्धां आज त्याच यंत्रावर येते, ज्यावर हा मासा येतो. म्हणून असें चित्र हातीं आल्यास तीन प्रश्न विचारावे: तें कोणीं घेतलें, कोठें घेतलें आणि केव्हां घेतलें? चित्रावरून त्याचें मूळ शोधण्याची सोय आतां घरबसल्या उपलब्ध आहे. तिचा उपयोग करावा. आणि तरीहि उत्तर न मिळाल्यास तें चित्र आपल्यापाशींच थांबवावें. संकटाच्या वेळीं शेजाऱ्याचा आपल्या शब्दावर विश्वास असणें, हें फार मोठें साहाय्य आहे. तें एका माशापायीं गमावूं नये.