दारी जाणारे साहाय्य

याचकाने दात्याच्या दाराशी तिष्ठावे, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. १८३३ साली पॅरिसमधील काही कॅथॉलिक विद्यार्थ्यांनी ती फिरविली. आदल्याच वर्षी पटकीने त्या शहरात हाहाकार उडविला होता. एका वादसभेत प्रतिपक्षाने विचारले, तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो तरी काय? वीस वर्षांच्या फ्रेदेरिक ओझानामला हा प्रश्न झोंबला. मित्रांसह त्याने जी संस्था काढली, तिला पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव मिळाले. पण दारिद्र्याशी या मुलांचा परिचय तो कितीसा! मूफतार वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली राँद्यू यांनी त्यांना घरे दाखविली आणि त्या घरांत कसे वागावे, हेही शिकविले.

संस्थेची रीत अजून तीच आहे. मुंबईत चर्चच्या धर्मग्रामांतूनही ती चालते. दोघे सभासद मिळून घरी जातात, बसतात, ऐकतात. धर्म पाहत नाहीत; कुटुंबाचे नाव बाहेर फोडीत नाहीत. शिधा, औषध, शाळेची फी, हे सारे त्यानंतरचे.

मात्र घरी जाणे ही दुधारी गोष्ट आहे. पाहुण्याचा तपासनीस केव्हा होईल, सांगता येत नाही. फडताळातील भांडी मोजणारी नजर घरची बाई तत्काळ ओळखते. ती नजर आवरणे, मला वाटते, शिधा जमविण्याहून कठीण. म्हणूनच त्याच घरी पुन्हा पुन्हा जावयाचे. चौथ्या-पाचव्या खेपेस एखादी बाई आपण होऊन सावकाराच्या देण्याची गोष्ट काढते. अर्जाच्या कागदावर ती कधीच आली नसती.

संस्थेच्या सभेत एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालावयाची. कोणी काय टाकले, की रिकामीच मूठ उघडली, हे शेजाऱ्यासही कळत नाही.